फळी गेली, खुर्ची आली

मी साउंडवाला. टॅप डान्स म्हणजे बुटाच्या तळाला धातूच्या पट्ट्या लावून पायांनी ताल वाजवायचा नाच. त्याच्या रात्री मी साउंड मिक्सरपेक्षा जास्त वेळ फळीपाशी गुडघे टेकून असतो. मॅनहॅटनमधल्या तळघरात छोटासा जॅझ क्लब. खाली फरशी, तिच्याखाली काँक्रीट. त्यावर थेट नाचलं तर आवाज मरतो आणि गुडघे कामातून जातात. म्हणून फोमच्या पट्ट्यांवर आठ बाय चार फुटांची प्लायवुडची फळी टाकायची, कडेला दोन बाउंड्री माइक, म्हणजे जमिनीलगत ठेवायचे चपटे माइक. खरी डोकेदुखी बेस ड्रमची. त्याचा धमका माइकमध्ये शिरतो, म्हणून खालचा आवाज कापायचा. जास्त कापला की टाचेचा भरदार ठोका जातो, उरते नुसती टिकटिक. मुंबईत लावणीच्या कार्यक्रमांना घुंगरांसाठी हीच कसरत करायचो. इथले बरेच साउंडवाले नाचणाऱ्याला वादक धरतच नाहीत.

सुरुवातीला प्रेक्षकांपेक्षा नाचणारेच जास्त असायचे. त्यातले एक सत्तरीचे आजोबा, 1990च्या दशकात नामवंत टॅप नर्तक जिमी स्लाइड न्यूयॉर्कच्या ‘ला काव्ह’ क्लबमध्ये टॅप जॅम, म्हणजे बँडसोबत आयत्या वेळी नाचायच्या मैफली, चालवायचे तिथे घोटून तयार झालेले. चार बार (ठरावीक मात्रांचे तुकडे) ड्रमरचे, चार बार आजोबांचे, सवाल-जवाब रंगायचा. मग मोबाइलवर व्हिडिओ फिरले आणि दाराबाहेर रांग लागली. गर्दी हवीच. पण स्टॉप-टाइममध्ये बँड नुसता पहिला ठोका देऊन पायांना जागा सोडतो, आणि लोक नेमके तिथेच टाळ्यांचा ठेका धरतात. अहो, जे ऐकायला आलात तेच बुडवताय!

त्या रात्री येऊन बघतो तर फळी भिंतीला उभी. तिच्या जागी मालकाने दोन टेबलं लावलेली, दोन्ही आगाऊ बुक.

आजोबांनी फरशीकडे पाहिलं, वाद घातला नाही. माझ्या केबलच्या पेटीचं झाकण बोटाच्या पेराने दोन-तीन ठिकाणी वाजवून पाहिलं आणि काढून मागितलं. ते खाली टाकून खुर्ची ओढली, बुटाच्या पट्टीचा स्क्रू जरा सैल केला आणि बसूनच बत्तीस बारचं आवर्तन घेतलं. पहिले आठ बार फक्त टाचा. ड्रमरने काठ्या ठेवून हलक्या आवाजाचे ब्रश उचलले. झाकण ड्रमपासून लांब, त्यामुळे मला काहीच कापावं लागलं नाही. टाच, चवडा, घासणं, सगळं वेगवेगळं. टाळ्यांचा ठेका कोणी धरला नाही.

तेच आता नडतंय. खुर्चीचा व्हिडिओ सगळ्यात जास्त पाहिला गेला, लोक तेच मागतात, आणि मालक म्हणतो, खुर्ची जागा कमी खाते. त्या रात्रीचा आवाज खरंच सरस होता, त्यामुळे माझंच रेकॉर्डिंग तो माझ्या तोंडावर वाजवतो. पण खुर्चीत बसून स्लाइड, म्हणजे जमिनीवरून घसरत जाणं, कशी घ्यायची? ज्यासाठी या माणसाने आयुष्य घातलं तेच गायब. ड्रमर माझ्या बाजूने आहे. पियानोवाला म्हणतो, ऐकू येतंय ना, मग झालं. त्याचं काय जातंय, बँडला ठरलेलं मानधन आहे. नाचणाऱ्यांना अजूनही टिपांची बरणी.

फळीसाठी भांडू का, असं आजोबांनाच विचारलं. म्हणाले, “आधी त्या दोन टेबलांचे पैसे कुठे जातात ते विचार.”