अडखळणारा स्टँड मिक्सर

जुलैमधल्या एका सकाळी पावाची कणीक मळत असताना, सहा वर्षे बिनतक्रार चाललेला आमचा स्टँड मिक्सर अडखळू लागला. रिकामा असताना तो व्यवस्थित फिरे. मात्र भांड्यातला मैद्याचा गोळा घट्ट होऊ लागला की त्याचा वेग कमी-जास्त होई, आवाज घोगरा होई आणि मिनिटभरात तो थांबे. वरून एक थाप मारली की पुन्हा सुरू होई. थापेची मला तेव्हा गंमत वाटली होती, पण दुखणे कुठे आहे हे ती थापच सांगत होती.

शेजारच्या काकूंनी खालचे लाल बटण दाबून पाहायला सांगितले. चटणीच्या मिक्सरला ते असते, माझ्या यंत्राला नाही; त्यात मोटर तापली की वीज तोडणारी आणि थंड झाली की आपोआप जोडणारी सोय आहे. म्हणून मी त्याला तासभर विश्रांती दिली. थंड यंत्रसुद्धा तितक्याच लवकर अडले, त्यामुळे तापण्याचा संशय मिटला. शहापुरात आमच्या गल्लीत पावसाळ्यात संध्याकाळी दिवे मंदावतात, तेव्हा विजेचा दाबही मोजला. 230 व्होल्टच्या जागी 218 मिळत होते, म्हणजे तक्रार करण्यासारखे काही नव्हते. बारीक वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड काढून यंत्र थेट भिंतीतल्या 16 अँपियरच्या सॉकेटला लावले, तरी फरक पडला नाही. मिक्सरचे वरचे डोके नीट लॉक होत होते आणि त्याला लावलेला कणीक मळण्याचा आकडा भांड्याच्या तळाला घासत नव्हता.

दुरुस्तीच्या पहिल्या दुकानात यंत्र न उघडताच, मोटर जळाली आहे, रिवाइंडिंग करावे लागेल, म्हणजे आतल्या तारेची वेटोळी (वाइंडिंग) नव्याने गुंडाळावी लागतील, असे सांगण्यात आले. मला ते पटले नाही. वाइंडिंग जळाली की तारेवरचे वार्निश करपल्याचा उग्र वास येतो आणि तो दिवसेंदिवस जात नाही. इथे फक्त चालू असताना, ठिणगी उडाल्यावर येतो तसा तिखट वास येत होता. शिवाय जळालेली वाइंडिंग थाप मारल्याने चालू कशी होणार?

खडेबाजारात शिलाई मशीनच्या मोटरी दुरुस्त करणारे एक वयस्क मामा आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी डोक्याच्या दोन्ही बाजूंची काळी झाकणे पेचकसाने फिरवली, आतले दोन तुकडे तळहातावर घेतले आणि म्हणाले, “कार्बन संपल्यात की ओ अक्का, मोटर काय जळाली नाही.”

अशा मिक्सरात बहुधा शिलाई मशीन किंवा ड्रिलमध्ये असते तशीच, ब्रश असलेली मोटर असते. तिच्या फिरणाऱ्या भागावर तांब्याच्या पट्ट्यांचे एक कडे असते आणि स्प्रिंगने दाबलेले दोन कार्बन त्यावर घासत वीज आत पोहोचवतात. हे कार्बन झिजण्यासाठीच असतात. माझा एक कार्बन जेमतेम पाच मिलिमीटर उरला होता. कड्याला टेकणारे त्याचे टोक कड्याच्याच गोलाईत खोलगट झिजून आरशासारखे चमकत होते. दुसरा लांब होता, पण मैद्याची धूळ, कार्बनची भुकटी आणि पावसाळी ओल यांचा थर बसून तो आपल्या खोबणीत अडकला होता. स्प्रिंगला त्याला पुढे ढकलता येत नव्हते, आणि थाप मारली की तो क्षणभर सुटे. रिकाम्या यंत्राला थोडा प्रवाह पुरतो, म्हणून अर्धवट टेकलेल्या कार्बनवरही ते फिरे; कणकेचा भार आला की प्रवाह वाढे, त्या जागी ठिणग्या उडत आणि मोटर दम टाके.

नेमक्या मापाचे कार्बन मिळाले नाहीत. मामांनी थोडे मोठे घेऊन काचकागदावर घासून खोबणीत सैलसर सरकतील इतके केले, खोबण कोरड्या कापडाने पुसली आणि कड्यावरची काजळी बारीक काचकागदाने हलकेच उतरवली. घरी कुणी हे करणार असेल तर प्लग काढल्याशिवाय झाकणाला हात लावू नये, आणि जुना कार्बन परत बसवायचा असल्यास त्याची दिशा आधी पेनाने खुणावून ठेवावी, कारण उलटा बसला की गोलाई जुळत नाही.

नव्या कार्बनला गोलाई येईपर्यंत यंत्र दहा मिनिटे रिकामेच मंद गतीवर चालवले. सुरुवातीच्या बारीक ठिणग्या हळूहळू थांबल्या. दुसऱ्या दिवशी किलोऐवजी सातशे ग्रॅम मैदा घेतला, वेग दोनच्या पुढे नेला नाही आणि गोळा सुटेपर्यंत यंत्र एकदाही अडखळले नाही. आकड्याच्या दांड्याशी मात्र तेलाचा एक पिवळसर थेंब दिसला; गिअरचे ग्रीस जुने होऊन त्यातले तेल सुटू लागले आहे, तेव्हा गणपतीआधी मामांकडे पुन्हा एक फेरी मारायची आहे.