प्रोब ठेवायच्या आधी काय शोधतोयस ते सांग

आमच्या कॅज्युअल्टीत आणि आयसीयूत रेसिडेंट्सना बेडसाइड सोनोग्राफी, म्हणजे पेशंटच्या खाटेपाशी डॉक्टरांनी स्वतःच करायची सोनोग्राफी, शिकवायचं काम माझ्याकडे आहे. दुसऱ्या हॉस्पिटलमधले ओळखीचे डॉक्टर हल्ली सारखे विचारतात की आमच्याकडेही सुरू करायचंय, एखादं वर्कशॉप घेऊन द्याल का. वर्कशॉप जरूर घ्या, पण ते संपलं की शिकवणं संपलं असं समजू नका, खरं शिकवणं त्यानंतर सुरू होतं. हे सविस्तर लिहायचं कधीचं मनात होतं.

वर्कशॉपमध्ये काय होतं, एसी हॉल, अंधार केलेला, टेबलावर एक सडपातळ निरोगी पोरगा झोपलेला, "श्वास रोखून धर" म्हटलं की धरतो, त्यामुळे लिव्हर-किडनी एकदम पुस्तकातल्यासारखी दिसतात आणि सगळे खूश होऊन सर्टिफिकेट घेऊन घरी जातात. नंतर रात्री दोन वाजता धाप लागलेले नव्वद किलोचे काका येतात, त्यांना आडवं करता येत नाही, छातीभर ईसीजीच्या लीड्स, वरती ट्यूबलाइटचा झगमगाट, नातेवाईक डोक्यावर उभे, आणि स्क्रीनवर नुसता करडा धूर. त्या क्षणी रेसिडेंटच्या शेजारी कुणीतरी उभं असायला हवं.

माझा नियम एकच आहे. प्रोबला, म्हणजे सोनोग्राफी मशीनच्या अंगावर टेकवायच्या भागाला, जेली लावायच्या आधी मोठ्याने सांगायचं की तू काय शोधतोयस, आणि उत्तर "आहे" किंवा "नाही" असं यायला हवं. "मॅडम, जरा बघतो काय दिसतंय ते" हे चालत नाही. हृदयाभोवती पाणी आहे का? पोटात मोकळं रक्त आहे का? फुफ्फुस सरकतंय का? पूर्ण पोटाची रिपोर्टसकट सोनोग्राफी हे रेडिओलॉजिस्टचं काम आहे, त्यासाठी त्यांनी तीन वर्षं घालवलेली असतात. आपल्याला पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं ते ठरवण्यापुरतं बघायचंय.

फुफ्फुसाचंच घ्या. लिश्टेनस्टाइन या फ्रेंच डॉक्टरांनी २००८ साली ब्लू प्रोटोकॉल मांडला, धाप लागलेल्या पेशंटच्या छातीवर ठरावीक जागी प्रोब ठेवून कारण शोधायची पद्धत, तेव्हापासून जगभर आयसीयूत फुफ्फुसाची सोनोग्राफी रुळली. शिकवायला सोपी आहे. दोन बरगड्यांच्या सावल्या, मध्ये पांढरी चकचकीत रेघ म्हणजे प्लुरा, फुफ्फुसावरचं पातळ आवरण, ती श्वासाबरोबर सरकते का ते बघायचं. एका फटीत तीन किंवा जास्त बी-लाइन्स, म्हणजे प्लुरापासून स्क्रीनच्या तळापर्यंत जाणारे उभे पट्टे, दिसले तर तिथलं फुफ्फुस ओलं आहे किंवा आजारी आहे. इथवर पोरं एका दुपारीत येतात.

अडतं पुढे. प्लुरा सरकत नाही म्हणजे न्यूमोथोरॅक्स, फुफ्फुसाबाहेर हवा साठलीय, असं पाठ झालेलं असतं. पण आपल्याकडे जुना टीबी होऊन गेलेले पेशंट किती! त्यांचा प्लुरा चिकटलेला असतो, तो सरकणारच नाही. श्वासाची ट्यूब फार आत, उजव्या फुफ्फुसाच्या नळीत (ब्रॉंकसमध्ये) गेली असेल तर डावीकडे सरकणार नाही. अशा पेशंटच्या छातीत उगाच नळी घातली तर केवढं नुकसान. म्हणून लंग पॉइंट शोधा, म्हणजे सरकणारा आणि न सरकणारा भाग जिथे भेटतात ती जागा, जुना एक्स-रे मागवा, ट्यूब किती सेंटीमीटरवर बांधलीय ते बघा. तसंच पोटात काळं दिसलं की रक्त म्हणून मोकळं होता येत नाही, रोज दारू पिणाऱ्याला अपघात झाला तर ते आधीपासूनचं जलोदराचं पाणीही असू शकतं. आणि पहिल्या फास्टमध्ये, म्हणजे अपघातानंतर आत रक्त आहे का ते बघायच्या झटपट सोनोग्राफीत, काही दिसलं नाही म्हणून निवांत बसायचं नाही, थोडं रक्त असेल तर दिसत नाही आणि पोटाच्या मागच्या भागातलं तर दिसतच नाही, बीपी पडायला लागलं की पुन्हा प्रोब ठेवायचा. चित्र काढणं हाताचं काम आहे, ते येतं. त्या चित्राचा समोरच्या माणसाशी मेळ घालायला बेडपाशी कुणीतरी रोज विचारत राहावं लागतं.

सीपीआरच्या वेळी, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबताना, तर मी फार कडक असते. नाडी बघायला थांबायचं ते जास्तीत जास्त १० सेकंद, पण प्रोब हातात असला की माणूस स्क्रीनमध्ये अडकतो आणि कॉम्प्रेशन, म्हणजे छाती दाबणं, थांबलेलंच राहतं. हा थांबा सोनोग्राफीमुळे लांबतो हे २०१७ साली छापून आलेल्या अभ्यासांतही दिसलंय. म्हणून आमच्याकडे पद्धत अशी, कॉम्प्रेशन चालू असतानाच प्रोब छातीच्या हाडाखाली बसवून ठेवायचा, जेली आधीच लावलेली, डेप्थ (किती खोलवरचं दिसावं ते) आधीच लावलेली. थांबलो की क्लिप रेकॉर्डवर टाकायची, सिस्टर मोठ्याने आकडे मोजतात, दहा म्हटलं की हात परत छातीवर, आणि क्लिप नंतर बघायची. त्या दहा सेकंदांत स्क्रीनकडे बघून कुणीही मत द्यायचं नाही. हे मॅनेकिनवर, सरावाच्या पुतळ्यावर, आम्ही पुन्हा पुन्हा करतो, इतकं की पोरं कंटाळतात, कंटाळू देत.

किती सोनोग्राफी केल्या म्हणजे आलं? अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेने प्रत्येक प्रकाराच्या २५ ते ५० तपासलेल्या स्कॅन सांगितल्यात. यातला "तपासलेल्या" हा शब्द माझ्या मते आकड्यापेक्षा मोठा आहे. आमच्याकडे प्रत्येक क्लिप सेव्ह होते, नंतर सीनियर बसून बघतो, आणि शक्य असेल तिथे सीटी किंवा रेडिओलॉजीच्या रिपोर्टशी ताडून बघतो. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडम आठवड्यातून एकदा आमच्याबरोबर बसतात, हा तर मी कोर्सचा सगळ्यात मोलाचा भाग मानते. त्यांना वगळून हे सुरू करू नका. आपण त्यांच्या कामात घुसतोय असं त्यांना वाटलं तर सगळंच अडतं, आणि गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, वाढवून आपण कुठलं चित्र खराब केलं हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही.

कायद्याचं पहिल्याच दिवशी शिकवते. परदेशातले व्हिडिओ बघून पोरांना वाटतं खिशात छोटा प्रोब घालून फिरायचं. आपल्याकडे तसं नाही. छोटा असला तरी ते सोनोग्राफी मशीनच, पीसीपीएनडीटीखाली, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याखाली, नोंद हवी, वापरणाऱ्यांची नावं हवीत, आणि नोंद केलेल्या जागेतून उचलून वाट्टेल तिथे न्यायचं नाही. बाई गरोदर असेल तर त्या कायद्याचा फॉर्म एफ भरायचा, मग ती अपघातात आली असली तरी. कुणी वैतागून कागदपत्रांची कटकट म्हणालं की मी थांबवते. लिंगनिदानावर देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ साली, केंद्राचा १९९४ ला आला, आणि हे कायदे करावे लागले कारण याच मशीनने मुली मारल्या गेल्या. प्रोब हातात घेणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत पाहिजे.

तालुक्याच्या ठिकाणचे डॉक्टर विचारतात की एकच प्रोब परवडतो, कुठला घेऊ. कॉन्व्हेक्स, म्हणजे टोक गोलसर असलेला, खोलवर बघणारा प्रोब घ्या. पोट, फुफ्फुस, मूत्राशय, बरगडीखालून हृदय, सगळं भागतं. लिनिअर, म्हणजे सपाट टोकाचा, वरवरचं नेमकं दाखवणारा, नंतर, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) आणि पायाच्या शिरांसाठी. आणि जमलं तर पावसाळ्याच्या शेवटी सुरू करा, डेंग्यूचे वॉर्ड भरलेले असतात तेव्हा. पित्ताशयाची भिंत सुजलेली, प्लुरात पाणी, लिव्हर-किडनीच्या मध्ये पाणी, शिकणाऱ्याला एकाच राउंडमध्ये इतकं खरंखुरं सापडणं एरवी कठीण. त्याच पेशंटला रोज बघा, पाणी वाढतंय का उतरतंय ते लिहून ठेवा, आणि सलाइनचा रेट त्या वहीकडे बघून ठरवायची सवय लावा, अर्थात हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) आणि लघवी शेजारी मांडूनच.