‘पब्लिक क्वेरी’चा नंबर आणि आमचे बाबा

बाबांसाठी नव्या औषधाची ट्रायल, म्हणजे रुग्णांवरची चाचणी, शोधायला मला एक संध्याकाळ पुरली. ती चालवणाऱ्या माणसापर्यंत पोचण्यात मात्र पावसाळा गेला, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

बाबांना लघवीचं इन्फेक्शन वरचेवर होतं. कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, ठरलेला ई-कोलाय, आणि खाली ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’. म्हणजे नेहमीची बरीच अँटिबायोटिक्स मोडून काढणारं एन्झाइम बनवणारा जंतू. रिपोर्टात गोळ्यांपुढे सगळीकडे ‘आर’, म्हणजे लागू पडत नाही. ‘एस’, म्हणजे लागू पडतं, दिसतो तो मेरोपेनेमसारख्या शिरेतून द्यायच्या औषधांपुढे. मग अ‍ॅडमिट व्हा, सुई लावा, हात सुजवून घ्या. त्याच जातीच्या पण तोंडाने घ्यायच्या औषधाची ट्रायल इंदूरात चालू आहे, असं आमच्या डॉक्टरांकडून कळलं आणि मी सीटीआरआय उघडलं. ही आपली सरकारी नोंदवही 2007 पासून आहे, आणि 15 जून 2009 पासून ट्रायल सुरू करण्याआधी तिथे नोंद सक्तीची आहे. शोध इंग्रजीत घ्यावा लागतो. आजाराचं नाव टाका, मग भारतातली रुग्णांची भरती चालू आहे का ते बघा. जगातल्या भरतीची स्थिती वेगळ्या ओळीत असते.

आता खरी कटकट. पानावर ‘पब्लिक क्वेरी’साठी एक माणूस आणि नंबर दिलेला असतो. आपण पब्लिक, म्हणून मी तिथे फोन लावला. तो निघाला परगावच्या कंपनीचा. “आप अपने साइट से बात कीजिए.” साइट म्हणजे रुग्णालय, एवढं मला कळलं. रुग्णालयाच्या बोर्डावर फोन केला तर ऑपरेटरला ट्रायल म्हणजे काय तेच ठाऊक नाही; त्याने पॅथॉलॉजीला जोडून दिलं. प्रत्यक्ष गेले तर रिसर्चच्या खोलीला कुलूप. बाहेरच्या बाकावरचा शिपाई म्हणाला, “सर राउंड पे हैं, मॅडम सोमवार को मिलेंगी.” सोमवारी मॅडमचं ट्रेनिंग. दरवाजावर चिकटवलेल्या कागदावरच्या मोबाइल नंबरचा शेवटचा आकडा पावसाने पुसलेला. शून्यापासून एकेक आकडा लावून बघितला. एकदा तर सराफ्यातल्या दुकानात फोन लागला, गृहस्थ फार सौजन्याने बोलले.

गाठ पडली ती स्टडी कोऑर्डिनेटर म्हणून काम करणाऱ्या मुलीशी, तीही चहाच्या टपरीपाशी. या सगळ्यात कामाची व्यक्ती तीच. प्रमुख डॉक्टरांचं नाव कागदावर असतं, पण रुग्ण आत घेण्याची धावपळ कोऑर्डिनेटर करते. सीटीआरआयच्याच पानावर खाली साइट्सचा तक्ता असतो. त्यात आपल्या शहराच्या ओळीतला नंबर घ्या आणि फोन लागताच आधी कोऑर्डिनेटरचा मोबाइल मागा. वरचा ‘पब्लिक’ विसरा.

तिने पहिलाच प्रश्न विचारला, “अभी इन्फेक्शन है क्या?” नव्हतं! आणि नसताना घेत नाहीत. शिवाय लागू पडणारं अँटिबायोटिक चोवीस तासांहून जास्त पोटात गेलं असेल तरी त्या ट्रायलमध्ये बाद. थोडक्यात, बाप आजारी पडायची वाट बघत बसायचं, आणि पडला की घरच्या डॉक्टरांच्या गोळीआधी तिकडे गाठायचं. म्हणून जुने कल्चर रिपोर्ट, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), चालू औषधांची यादी हे सगळं एका फायलीत तयार ठेवा. पण थंडी वाजून ताप चढला, माणूस गळून गेला, बीपी उतरलं तर ट्रायल-बियल बाजूला ठेवून सरळ इमर्जन्सीत न्या.

घरात विरोध होताच. आत्या म्हणाली, “इंदूरात राहून ट्रायलचं नाव काढतेस?” तिचं चूक नाही. रुग्णांवर गैरप्रकारे होणाऱ्या ट्रायल्सविरुद्ध 2012 मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली ती इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने. त्या गदारोळातच 2013 मध्ये नुकसानभरपाईचे नियम आले; आता ते 2019 च्या नियमावलीत आहेत. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट, वर भरपाई. संमतीपत्रात वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारतात ते त्यासाठीच. बाबा भडकले: “औषध देताय की विमा उतरवताय?” मग चष्मा पुसून प्रत्येक पान वाचलं, आणि कोऑर्डिनेटरला तासभर उभं ठेवलं. मला बरं वाटलं. सही केल्यावर आपली प्रत मागून घ्या, हक्काची आहे.

ताप आला तो दिवाळीच्या तोंडावर, पहाटे. कोऑर्डिनेटरने पहिल्या रिंगला फोन उचलला. पुढचं सुरळीत झालं. फक्त गोळी आणि शिरेतलं औषध यांची ही तुलना आंधळी, म्हणजे कोणाला खरं कुठलं मिळतंय ते कळू न देता केलेली, असल्याने प्रत्येकाला गोळीही देतात आणि सलाईनही. त्यातलं एक बिनऔषधाचं. गोळीसाठी एवढा खटाटोप, आणि सुई टोचलीच! बाबांनी सिस्टरला ते रोज ऐकवलं. ताप उतरला, नंतरचं कल्चर स्वच्छ आलं. त्यांच्या वाट्याला खरं औषध कुठलं होतं ते ट्रायल संपल्यावरच कळेल. येण्याजाण्याच्या रिक्षाचे पैसे मिळतात, पण पावती लागते, आणि आमच्या रामबागेतला कुठलाच रिक्षावाला पावती देत नाही.