आमची वाटचाल : नाताळ तारखेने येतो, समुद्र तिथीने चालतो

ठाण्यात नौपाड्यातल्या एका खोलीतून 2016 साली आम्ही सहली सुरू केल्या. गाडी भाड्याची, सतरा आसनी. ठिकाण एकच, अलिबागचा कुलाबा किल्ला, आणि हंगामही एकच, डिसेंबर-जानेवारी. पाऊस सरल्यावर समुद्र निवतो. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो तोवर पाणी तव्यासारखं सपाट असतं, दुपारनंतर खारा वारा सुटला की लाटा उठायला लागतात. त्यातच शाळांना सुट्टी लागते. म्हणून हिवाळा.

कुलाब्याला ओहोटीत चालत जाता येतं, भरतीत चारी बाजूंनी पाणी. हे सगळ्यांना माहीत असतं. पण 25 डिसेंबर दरवर्षी त्याच तारखेला येतो आणि ओहोटीची वेळ दरवर्षी वेगळी असते, हे ठाऊक असूनही मानायला लोक तयार नसतात. आमचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे आणि एकदा बुडता बुडता वाचला तोही याच गोष्टीमुळे.

हिशेब कोळीवाड्यातला, जुना. तिथीला पाऊणने गुणा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनला पूर्ण भरती आणि पहाटे तीनच्या सुमारास दुसरी. त्यात सव्वासहा तास मिळवा की ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊ. शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. तिथीचा क्षय किंवा वृद्धी असेल तर अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्यायचं. पण तक्ता वाचताना चूक झाली तर ती पकडायला हा पाऊणपटीचा हिशेब डोक्यात हवाच.

वेळ कळली म्हणजे झालं असंही नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, पण तेव्हाची ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी, फिरायला सोयीची, पण तो भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी. पाणी पुरतं हटतच नाही, वाटेत मांडीपर्यंत भिजावं लागतं. म्हणून सहलीला चतुर्थी-पंचमी सर्वांत चांगली. ओहोटी सकाळी नऊ-दहाला आणि वाट बऱ्यापैकी उघडी.

आमची हत्यारं दोन. एक वही, एक काठी. काठी वेळूची, साडेपाच फुटी, तिच्यावर रंगाचे दोन पट्टे. खालून नऊ इंचांवर पिवळा, दीड फुटावर लाल. वाटेतल्या सगळ्यात खोलगट जागी पुढचा माणूस ती टेकवतो. पाणी पिवळ्याखाली असेल तर सगळे चालतील. पिवळा ओलांडला तर लहान मुलं आणि वयस्क घोडागाडीत. लालला टेकलं तर कोणीही उतरायचं नाही, कितीही ओरडोत. प्रत्येक फेरीला वहीत तिथी, वेळ आणि पाणी कुठल्या पट्ट्याला होतं ते लिहायचं. दर दोन हंगामांनी पट्टे नव्याने रंगवतो, मिठाने रंग सुटतो.

2017 ते 2019 नीट गेली. मग दोन हंगाम बंद होते, ते सगळ्यांचेच.

2023 च्या पावसाळ्यात आमचा पहिला भागीदार वेगळा झाला. पहिल्या दिवसापासून बरोबर होता, गाडीवाल्यांशी बोलणी तोच करायचा. वेगळं होण्याबद्दल तक्रार नाही. जाताना वहीची झेरॉक्स घेऊन गेला, त्याबद्दल आहे. दिवाळीनंतर स्टेशनजवळ त्याचा फलक लागला. आमच्यापेक्षा माणशी तीनशे रुपये कमी आणि खाली ठळक अक्षरात ‘दररोज सकाळी, ठरलेल्या वेळी’.

त्याने वहीतून 25 डिसेंबर 2022 ची वेळ उचलली होती. त्या दिवशी द्वितीया होती, ओहोटी सकाळी पावणेआठला. आम्ही पहाटे तीनला ठाण्याहून निघालो होतो आणि साडेआठला सगळे परत किनाऱ्यावर होते. पण 25 डिसेंबर 2023 ला चतुर्दशी. चौदा गुणिले पाऊण, साडेदहा. साडेदहाला भरती, ओहोटी संध्याकाळी पावणेपाचला. आम्ही कळवलं, निघणं सकाळी दहाला, उतरणं सव्वातीनला, पावणेसहाच्या आत किनाऱ्यावर, कारण सहानंतर लगेच सूर्य मावळतो आणि अंधारात खडकावर माणसं मोजता येत नाहीत. लोकांना ते पटलं नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी यायचं होतं. तीन गाड्या भरल्या होत्या, त्यातल्या दोन एका आठवड्यात रिकाम्या झाल्या. आगाऊ रक्कम आम्ही पूर्ण परत केली. गाडीवाल्यांचं भाडं मात्र द्यावंच लागलं, सुट्टीच्या दिवसाची गाडी अडवली की ती अडवलीच. जानेवारीत नौपाड्याची खोली सोडली आणि टेबल घरी आणलं.

त्याची माणसं त्या दिवशी किनाऱ्यावर पोचली तेव्हा पाणी चढत होतं. मग बोटीने नेलं. बोटीने जाण्यात काही चूक नाही, भरतीला आम्हीही नेतो. पण नाताळात बोटीला रांग असते आणि उतरत्या पाण्यात मधले दोन-अडीच तास असे येतात की बोट खडकाला लागेल इतकं पाणी कमी आणि चालायला जास्त. त्या वेळात किल्ल्यात असाल तर तिथेच बसायचं. ती माणसं बसली, लहान मुलांसकट, जवळ पाणी न ठेवता. संध्याकाळी आमची एक गाडी वाळूवर उतरली तेव्हा ती भिजलेल्या पायांनी समोरून येत होती. त्यातले निम्मे आठवड्यापूर्वी आमच्याकडे नाव नोंदवून गेलेले होते.

त्या एका गाडीत पाचपाखाडीच्या बाई होत्या. निवृत्त शिक्षिका, 2016 च्या पहिल्या फेरीपासूनच्या. पुढच्या वर्षी 18 डिसेंबरला घारापुरीच्या वाटेवर बोटीचा मोठा अपघात झाला, माणसं गेली, आणि आठवडाभर आमच्याकडे फक्त रद्द करण्याचे फोन आले. बाईंनी त्यांच्या सोसायटीतली नावं मागे घेतली नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘काठी आणणार आहात ना?’’ त्या 25 डिसेंबरला दशमी, ओहोटी दीडला, पाणी पिवळ्याच्या वर. वयस्कांना घोडागाडीत बसवलं, बाई चालत आल्या.

आमच्याबरोबर या किंवा तुमचे तुम्ही जा, पण एवढं सांभाळा. ओहोटीच्या दीड तास आधी उतरा आणि ओहोटीनंतर तासाभरात परत या, त्यापुढे नाही. पाणी सहा तासांत सारखं चढत नाही. पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. चढउतार तीन मीटरचा धरला तर पहिल्या तासात वीतभर, दोन तासांनी कमरेच्या खाली आणि तिसरा तास संपताना छातीच्या वर. पहिल्या तासात पाणी जागचं हललेलं दिसत नाही, माणसं तिथेच फसतात. शिवाय मधला खोलगट भाग आधी भरतो, किल्ल्याजवळचा खडक तेव्हा कोरडाच असतो. तटावरून बघून ठरवू नका, घड्याळ बघा.

मागे पट्टा असलेली सँडल घाला. रबरी चप्पल चिखलात रुतते आणि तिचा अंगठा तुटतो, मग अनवाणी पाय कालवांवर, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांवर पडतो. कालवांची धार पात्यासारखी असते. कापलं तर गोड्या पाण्याने धुवा, शिंपल्याचा कण काढा, मग औषध. हिरव्या शेवाळावर पाय टाकू नका, खरबरीत काळ्या खडकावर टाका. माणशी एक लिटर पाणी न्या. परतताना वाटेत वडखळला होणारा गाड्यांचा खोळंबा धरून चाला, सुट्टीत दीड तास सहज जातो.

आत गेल्यावर बहुतेक लोक तोफांशी फोटो काढतात. चाकांच्या गाड्यावरच्या त्या दोन तोफा इंग्रजी ओतकामाच्या आहेत, 1849 च्या. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये बांधायला घेतलेल्या किल्ल्याशी त्यांचा संबंध नाही. त्याऐवजी तटाच्या पायथ्याशी वाका आणि दोन दगडांच्या सांध्यात बोट घाला. चुना नाही. प्रचंड चिरे नुसते एकावर एक रचलेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं, जोर विखुरतो आणि भिंतीला धक्का बसत नाही. राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ बघा आणि गोड्या पाण्याचा तलाव बघा. भोवती खारं पाणी असून आत गोडं, म्हणून तर इथे शिबंदी राहू शकली.

भागीदाराचा फलक 2025 च्या पावसाळ्यात उतरला. वहीची झेरॉक्स अजून त्याच्याकडेच आहे, ती आम्हाला परत हवी आहे.

वहीतली शेवटची नाताळची नोंद अशी : 25 डिसेंबर 2025, पौष शुक्ल पंचमी. ठाणे सोडलं 4.30. माणसं 34, गाड्या दोन. उतरलो 8.15, पाणी पिवळ्याच्या चार बोटं खाली. शेवटचा माणूस वाळूवर 10.30, पाणी पिवळ्याला टेकलेलं. एक सँडल तुटली. बाई चालत.