हरणांचा टँकर

मे महिन्यात पुण्याची माणसं कोकणात जातात, महाबळेश्वरला जातात, नाहीतर पंख्याखाली पडून राहतात. आम्ही सुप्याला गेलो. बारामती तालुक्यातल्या या गावाला लागून मयूरेश्वर अभयारण्य आहे. निमित्त ग्रुपवर आलेल्या एका मेसेजचं: चिंकारा हरणांसाठी पाणवठा साफ करायचा, टँकर ओतायचा, श्रमदान, टोपी आणि टी-शर्ट मिळेल. टी-शर्टचं वाचून नवरा म्हणाला, "म्हणजे फोटो निघणार." तो घरीच राहिला.

सोलापूर रस्त्याने चौफुल्याला उजवीकडे वळलं की थोड्याच वेळात ऊस मागे पडतो आणि उघडा माळ सुरू होतो. अभयारण्य म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांसमोर ताडोबा येतो त्यांनी इकडे फिरकूच नये. 1997 साली जाहीर झालेलं हे जंगल जेमतेम 5.14 चौरस किलोमीटरचं. जंगल तरी कसलं, वाळलेलं गवत, बोरी-बाभळी, हिवर आणि मुरूम. कुणीतरी गाडीतून उतरून विचारलंच, "झाडं कुठायत?" मला मात्र असा माळ आवडतो. गवताळ रानाला पडीक म्हणण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. तिथे झाडं लावली की लावणाऱ्याला पुण्य मिळतं, पण माळावरच्या पाखरांचं घर जातं.

पहिला चिंकारा दिसला तो फाटकापासून फार लांब नाही. शेळीएवढा, वाळल्या गवताच्याच रंगाचा, आणि आखूड काळी शेपटी सारखी फडफडवत होता. ती हलली नसती तर दिसलाच नसता. डोंबारी पक्ष्याचे खेळ चाललेच होते: वर चढायचं, पंख मिटून खाली कोसळायचं आणि जमिनीला टेकता टेकता पुन्हा वर.

आता पाणवठ्याचं. सिमेंटची उथळ टाकी, एका बाजूला उतार, बाकी तीन बाजूंना उभ्या भिंती. तळाशी फुटलेल्या बाटल्या, गाळ, आणि कोपऱ्यात सुकून कडक झालेलं तित्तराचं पिल्लू. परवानगी रीतसर काढलेली होती, वनरक्षक सोबत होते. आम्ही वीसेक जण. त्यातले चौघे बॅनर धरायला, दोघे फोटो काढायला, एक जण "ताई, टोपी सरळ करा" म्हणायला. बॅनरवर 'तहानलेल्या चिंकाऱ्यांना जीवनदान' असं मोठ्या अक्षरांत. घमेली तीनच. गाळ काढायला मुख्यतः गावातल्या दोन मावशी आणि त्यांच्या मागे आमच्यातले ज्यांना फोटोत जागा मिळाली नाही ते. मी त्यांतलीच.

टँकर आला, पाइप टाकीत सोडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "हरणास्नी टाळ्या वाजवून पानी. आमच्या वस्तीवर आठवड्यातनं दोनदा येतो टँकर, तवा हंड्यावरनं भांडणं."

एकदम शांतता. मग आमच्यातले एक गृहस्थ सरसावले, वन्यजीव, परिसंस्था, अन्नसाखळी वगैरे. मावशींनी त्यांना तिथेच अडवलं. "मला नगा सांगू दादा. टँकर नव्हता तवाबी माझी सासू पाखरांना परळात पानी ठिवायची. रांजण अर्धा असला तरी." आणि त्या उठून दगड गोळा करायला लागल्या.

मला वाटलं, रागावल्या. पण त्या एकेक दगड उभ्या भिंतीलगत पाण्यात रचत होत्या. खाली मोठे, वर लहान, पायऱ्यांसारखे. "पिल्लू आत पडलं तर चढंल कुठनं? म्हणून तर मेलं ते." मग आम्ही सगळे दगड वेचायला लागलो, बॅनरवालेसुद्धा. फोटो मात्र त्या कामाचा एकही नाही. ऊन असं की दगड हातात धरवत नव्हता. दुसऱ्या मावशींनी सांगितलं की मधमाश्यांना टेकायला काटक्याही लागतात, नाहीतर त्या बुडून मरतात. मग काटक्याही टाकल्या.

जेवताना वनरक्षकांनी सांगितलं ते ऐकून मला हसू आवरेना. चिंकारा पाण्यावाचून बरेच दिवस काढतो. पाला, शेंगा, बोरं यांतून त्याची गरज बरीचशी भागते. पाणी असलं तर पितो, पण टँकरची खरी वाट बघतात ती पाखरं. आणि पाण्यापाशी जनावरं जमली की गावातली मोकाट कुत्रीही तिथेच येतात. चिंकाऱ्यामागे तहान नाही, कुत्री लागलेली असतात. पण 'कुत्री आवरा' असं बॅनर छापून टी-शर्ट घालून कोण येणार?

बाकीचे संध्याकाळी मोरगावचं दर्शन करून पुण्याला परतले. मी आणि एक मैत्रीण मावशींकडेच राहिलो. घरातली तरणी माणसं मेंढरं घेऊन कोकणात उतरलेली, पावसाच्या तोंडावर परत येतील. घरात म्हातारे आणि शाळेची पोरं. पिठलं, भाकरी, कांदा. झोपायला अंगणात बाज. आंघोळीला पाणी देऊ का म्हणून त्यांनी तीनदा विचारलं आणि तीनदा मी नको म्हटलं. ज्या घरात हंडे मोजले जातात तिथला पाहुणचार घेताना जीव नुसता कानकोंडा होतो. हॉटेलात दोन बादल्या ओतून घेणारी मीच ती.

सकाळी वनरक्षकांबरोबर पुन्हा आत गेलो आणि पाणवठ्यापासून बऱ्याच अंतरावर एका हिवराखाली बसलो. ऊन बऱ्यापैकी वर आल्यावर पखुर्ड्या, म्हणजे माळावरचीच पाखरं, आल्या. आधी आवाज, मग एक चक्कर, मग पाण्यापासून लांबच उतरून तुरुतुरु चालत. पखुर्डी कोरडं बी खाते, म्हणून तिला पाणी लागतंच. पटापट दोन-चार घोट घेऊन बहुतेक उडाल्या. एक नर थांबला. छातीवर बारीक काळी रेघ असलेला. उथळ पाण्यात शिरला, पिसं फुलवून पोट बुडवून बसला आणि अंग हलवत राहिला. अंघोळ नव्हे ती. त्याच्या पोटाची पिसं टिपकागदासारखी पाणी धरतात. तसाच भिजलेला तो माळावरच्या पिल्लांकडे उडत जातो आणि पिल्लं ती पिसं चोचीत धरून पाणी ओढतात. हे वाचलेलं होतं. डोळ्यांनी बघताना मी मैत्रिणीचा दंड इतका घट्ट धरला की ती ओरडलीच, आणि नर उडाला. वनरक्षक काही बोलले नाहीत, पण बघितलं मात्र.

आमचं बॅनर तसंच हिवराला बांधलेलं होतं, एक कोपरा सुटून फडफडत. मी सोडवलं, गुंडाळलं आणि जाताना मावशींना दाखवलं. त्यांनी उलगडून दोन्ही अंगांनी चाचपलं.

"जाड हाय. गोठ्याच्या छपरावर पावसाच्या आधी घालते," त्या म्हणाल्या. "आणिक एखादं हाय का? गोठा लांब हाय आमचा."

मी ग्रुपवर मेसेज टाकलाय. अंगठे बरेच आलेत, फ्लेक्स अजून एकही नाही.