एखादं तरी पोरगं शास्त्रज्ञ झालं का?

नाही झालं. लग्नात, बँकेच्या रांगेत, स्टाफरूममध्ये, जिथं गाठता तिथं विचारता, म्हणून एकदाचं सांगून टाकते. महापालिकेच्या शाळांतली नववी-दहावीची मुलं घेऊन मी रविवारी नाग नदीचं पाणी तपासते. त्यातलं कुणी अजून शास्त्रज्ञ झालेलं नाही. शिकवणीवर लाख लाख ओतलेल्यांपैकी किती झाले, हे मात्र कुणी विचारत नाही. पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी १९५८ पासून आपल्याच नागपुरात आहे. आमच्या पोरांनी तिची फक्त भिंत पाहिलेली.

आता त्यातल्या एका मुलीचं सांगते. पूर्व नागपुरातली, घरामागेच नदी. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला, चांगल्या चांगल्या लेआउटमध्ये पाणी शिरलं, तेव्हा शहराला नदी आठवली. हिच्या घरात ती वासानं रोजच असते. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत तिनं शिकून घेतली. बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची, आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कलीतलं आयोडाइड, बूच लावून उलटीसुलटी करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. घरच्या नळाच्या पाण्यात तपकिरी आला. घरामागच्या पाण्यात पांढराफेक. तिला वाटलं, आपलंच चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा पांढरा.

विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांनी तिचा तक्ता पाहिला. माशांना लिटरमागे चार मिलिग्रॅम तरी लागतो, आणि हिनं लिहिलं होतं शून्य. ‘‘शून्य कसं येईल? केमिकल जुनं असेल तुझं. हे करून कुणी दिलं?’’

त्याच केमिकलनं नळाचं पाणी तपकिरी झालं होतं. नोंद तिच्याच वहीत, तिच्याच हातातल्या. तिनं वही उघडली नाही. मान खाली. मी दोरीपलीकडे उभी. मार्गदर्शकांनी बोलायचं नाही, असा नियम. परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेले.

शंका अगदीच खुळी नव्हती, हेही सांगते. सांडपाण्यात सल्फाइडसारखी द्रव्यं असली की साध्या विंकलरमध्ये आकडा खरा असेल त्याहून कमी येतो. तसं विचारलं असतं तर आम्हा दोघींनाही काही शिकता आलं असतं. पण ‘करून कुणी दिलं’ हा रसायनशास्त्राचा प्रश्न नव्हे.

परतताना ऑटोत मी विचारलं, बोलली का नाहीस? म्हणाली, ‘‘माहीत होतं जी मॅडम. पण एवढ्या मोठ्या सरांना सगळ्यांसमोर खोटं कसं पाडायचं?’’

यावर माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हतं. सुरुवातीची मी असते तर म्हणाले असते, आत्मविश्वास वाढवू, भाषणाचा सराव घेऊ. त्या काळात मी फळ्यावर ‘उद्याचे शास्त्रज्ञ’ असं लिहायची, रंगीत खडूनं. आता ते वाचलं तरी अंगावर येतं. तिला रसायन येत होतं, बोलणंही येत होतं. मोठ्या माणसाचं चुकतंय असं तोंडावर म्हणायची सोय तिच्या घरात नाही, शाळेत नाही. आणि खरं सांगू? माझ्या स्टाफरूममध्ये तरी कुठं आहे? मग ती मी रविवारच्या दोन-तीन तासांत कुठून देणार? तरीही दोरी ओलांडायला हवी होती, असं एखाद्या दिवशी वाटतं. दुसऱ्या दिवशी वाटतं, मी बोलले असते तर ‘कुणी करून दिलं’ याचं उत्तरच त्यांना मिळालं असतं.

तिनं अकरावीला कॉमर्स घेतलं. जवळच्या कॉलेजात जागा होती आणि बसभाडं वाचत होतं, म्हणून. तुमच्या हिशेबात ती गेली. माझ्या हिशेबात कुठं लिहायची, मला ठरवता आलेलं नाही.

तिचा धाकटा भाऊ यंदा येतो. अंबाझरीचा नमुना सकाळीच का घ्यायचा, यावर परवा माझ्याशी भांडला. दुपारी शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, आकडा फुगतो, असं मी सांगितलं. त्याला पटलं नाही. दोन्ही वेळा घेऊ म्हणतो. म्हणजे येता रविवार पूर्ण गेला.