आधी नाली, मग रस्ता: आमच्या गल्लीचा अनुभव

2015 च्या आसपास विदर्भातल्या तालुक्याच्या बऱ्याच गावांच्या ग्रामपंचायती जाऊन नगर पंचायती आल्या. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव त्यातलंच. पाटी बदलली, सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आले, 17 वार्ड पडले, 17 नगरसेवक निवडून आले. एक गोष्ट मात्र गेली आणि ती गेल्याचं कोणाला फारसं जाणवलंही नाही. ती म्हणजे ग्रामसभा. ग्रामसभेत कोणीही उठून हिशेब विचारू शकत होता. नगर पंचायतीच्या सर्वसाधारण सभेत बोलणार ते नगरसेवक. राज्यघटनेनं वार्ड समित्या बंधनकारक केल्या त्या 3 लाख आणि त्यावरच्या लोकसंख्येसाठी. मग आमच्यासारख्या लहान गावातल्या माणसानं बोलायचं कुठे? तर अर्जात. म्हणून हा अनुभव बराचसा अर्जांचाच आहे.

आमची गल्ली जुन्या गावठाणातली, बाजारचौकातून नाल्याकडे उतरणारी. सगळी काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही माती न काढता, मुरूम न दाबता वर काँक्रीट ओतलं तर ते तडकणारच, हे गावातला कोणताही गवंडी सांगेल. शेजारच्या गल्लीत आम्ही ते डोळ्यानं पाहिलं होतं. तिथे जुन्या खडीवरच सिमेंट रस्ता केला. रस्ता वीतभर वर आला आणि घरं खाली गेली. लोकांनी आपापल्या दारात विटांचे बांध घातले. त्यानंतर पाण्याची पाईपलाईन आली आणि तोच रस्ता मधोमध खोदला गेला.

त्यामुळे आमच्या गल्लीच्या रस्त्याचं काम नगरोत्थान या राज्य सरकारच्या शहरविकास योजनेच्या यादीत आल्याची बातमी नगरसेवकानं पेढ्यासोबत दिली तेव्हा मी पेढा खाल्ला आणि विचारलं, "नाली?"

"होते ना भाऊ. आधी रस्ता तर येऊ द्या. नाली मागून पाहू."

'मागून पाहू' म्हटलेली कामं आमच्याकडे नातवंडं पाहतात.

कामाचं अंदाजपत्रक, म्हणजे काय काय करणार आणि त्याला किती खर्च हा कागद, पाहायला मागितलं तर कार्यालयातून रोज नवं कारण मिळे. टेबलवाले साहेब रजेवर, फाईल वर गेली, उद्या या. शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, प्रतीचे पानाला 2 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. भांडण नको म्हणून लोक हा अर्ज टाळतात, पण माझा अनुभव उलटा आहे. अर्जावर आवक क्रमांक पडला की आवाज न चढवता काम होतं. अर्जात 'या रस्त्याची माहिती द्यावी' असं मोघम लिहू नये. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि नकाशा, अशी कागदांची नावं घालून मागावं.

प्रत आली. अंदाजपत्रक वाचायला इंजिनियर असावं लागत नाही. सरकारी दरांच्या यादीतल्या (दरसूचीतल्या) बाबी एकाखाली एक असतात, पुढे लांबी, रुंदी, जाडी. आमच्यात मुरमाचा भराव, खडी आणि काँक्रीट होतं. खोदकाम नावाला, नाली शून्य. म्हणजे शेजारच्या गल्लीचीच दुसरी आवृत्ती.

आता हे म्हणणं नुसतं तोंडी मांडून चालणार नव्हतं. आमच्या गल्लीतच एक जुने गवंडी राहतात. ते म्हणाले, "कायले सायबाची वाट पाहता? लेवल पाईप हाये ना मायाकडं." एका रविवारी सकाळी त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरलं, टिचक्या मारून बुडबुडे काढले. एक टोक माझ्या भिंतीला, दुसरं शेजारच्या भिंतीला. पाणी थांबलं की तिथे गेरूची खूण. असं करत नाल्यापर्यंत प्रत्येक घरावर एकाच पातळीची रेघ उमटली. वरच्या टोकाला ती घोट्याला होती, नाल्याजवळ छातीला. प्रत्येक रेघेपासून खाली जमिनीपर्यंत आणि उंबरठ्यापर्यंत टेप लावला आणि आकडे पोरीच्या आलेखवहीत उतरवले.

तेव्हा कळलं की गल्ली सरळ उतरतच नाही. मधे एका आजीच्या घरासमोर ती खोल जाते, पुढे पुन्हा वर येते आणि मग नाल्याकडे उतरते. पुढचा तो उंचवटा दरवर्षी चिखलावर टाकलेल्या मुरमाचा. सगळे म्हणत, आजीच्या घराची जागाच वाईट. जागा चांगली होती, पाण्याची वाट आपणच अडवली होती. आणि अंदाजपत्रकात काय, तर खोलगट भागात भराव! तो झाला असता तर आजीचं घर कायमचं तळ्यात गेलं असतं. छाटायचा होता तो पुढचा उंचवटा.

वहीतली ती पानं जोडून अर्ज दिला. अभियंता साहेब तरुण होते, आधी हसले, पण आले. त्यांनी आपल्या यंत्रानं लेव्हल घेतली. आकडे थोडेफार इकडेतिकडे, पण खोलगट भाग तिथेच. मग त्यांनी खरी अडचण सांगितली. तांत्रिक मान्यता होऊन गेली होती. आता सुधारित अंदाजपत्रक करावं लागेल, पुन्हा मान्यता घ्यावी लागेल, आणि रक्कम तेवढीच राहील. खोदकाम आणि नाली त्यात बसवायची तर रस्त्याची लांबी कमी करा.

इथे गल्ली फुटली. "आलेला रस्ता घालवता का तुमी?" हे मला तोंडावर ऐकवलं गेलं. मार्च एंडला निधी परत जाईल ही भीती होती, आणि ती खोटी नव्हती. दुसरा वाद, लांबी कापायची तर कोणाच्या दारातली? नाली नेहमी पाणी जिथे पडतं त्या टोकापासून वर बांधत यावी लागते. वरून सुरू करून मधेच थांबवली तर सगळं पाणी मधल्या घरात जाईल. म्हणजे वगळायचं ते चौकाजवळचं वरचं टोक. तिथेच माझं घर. बायको आजही म्हणते, "लोकांच्या दारात रस्ता आणला, आपल्या दारात चिखल ठेवला." पण त्यामुळे माझ्या हेतूवर कोणाला बोट ठेवता आलं नाही, हेही खरं.

ओट्यांचा प्रश्न याहून नाजूक. नालीच्या जागेवर बऱ्याच जणांचे ओटे, पायऱ्या, एकाची मोरी. भूमी अभिलेख कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढल्या, कोणाची हद्द कुठे संपते ते स्पष्ट झालं. तरी ओटा पाडायला पहिला हात कोण लावणार? गवंडीबुवांनी स्वतःचा पाडला. मग बाकीचे कुरकुरत आले. एकजण अजून माझ्याशी बोलत नाही.

सभेत ठराव झाला, सुधारित मान्यता आली, निविदा निघाली. तो सगळा काळ नुसता वाट पाहण्याचा, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

काम सुरू होण्याआधी एक गोष्ट मागून घेतली, ती सगळ्यांनी घ्यावी. नळाची जुनी कनेक्शनं दुरुस्त करून घेतली आणि रस्त्याखालून काही ठिकाणी रिकामे पाईप आडवे टाकून ठेवले. पुढे नवं कनेक्शन लागलं तर काँक्रीट फोडावं लागणार नाही.

काँक्रीट पडलं त्या दिवशी क्यूब भरताना मी उभा होतो. 15 सेंटिमीटरचे ठोकळे, 7 आणि 28 दिवसांनी दाबून तपासतात. त्यानंतर खरं काम पाण्याचं. निदान 14 दिवस काँक्रीट ओलं राहायला हवं, आणि ठेकेदाराचं टँकर दोन-चार दिवसांत दिसेनासं झालं. बायकांनी काळ्या मातीचे बोटभर बांध घालून रस्त्यावर वाफे केले आणि बोअरचं पाणी सोडलं. मुलांनी त्यात कागदाच्या होड्या सोडल्या, बकऱ्यांना हाकलता हाकलता नाकी नऊ आले.

पहिल्या मोठ्या पावसात आजीच्या दारात पाणी थांबलं नाही. नालीवरच्या एका ढाप्याजवळ मात्र काँक्रीटला तडा गेला. दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातला दोष ठेकेदारानंच दुरुस्त करून द्यायची मुदत, संपेपर्यंत ठेकेदाराची अनामत कार्यालयाकडेच असते, म्हणून फोटोसह अर्ज देऊन पोच घेतली आहे. दुरुस्ती अजून व्हायची आहे. वरच्या टोकाचा प्रस्ताव जिल्हा नियोजन समितीकडे जाणाऱ्या यादीत लागला आहे, आणि कामाच्या नावात या वेळी 'सिमेंट रस्ता व नाली बांधकाम' असं लिहून घेतलं आहे.